झालं का, हे विचारायचं कुणी

"चालेल ना गं नक्की?" असं कुणी म्हटलं की संयोगिताच्या कपाळाला आठी पडायची. नक्की म्हणजे काय? तिनं लिहिलेला प्रोग्राम चालतोच. रहिमतपूरच्या उसातून उठून इंजिनिअर झालेली ही पोरगी स्वतःबद्दल शंका घेत नसे आणि दुसऱ्यानं घेतलेली तिला खपत नसे. गर्व म्हणा हवं तर. पण काम चोख होतं, आणि चोख काम करणाऱ्याचा गर्व लोक चालवून घेतात, निदान पहिल्या फजितीपर्यंत.

ती पहिली फजिती कवठे महांकाळच्या अलीकडं, मनुबाईंच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, चारचौघांत आणि नारळ फोडून झाली.

सातारच्या एमआयडीसीत अवधूतची छोटी कंपनी होती. अवधूत मूळचा सांगलीचा, विश्रामबागेतला. गोड बोलून माणसाकडून दुप्पट काम काढून घ्यायची कला त्याला जन्मजात होती. कंपनीनं बेदाणा निवडायचं मशीन बनवलं होतं. पट्ट्यावरून बेदाणा धावतो, वर कॅमेरा असतो. कॅमेऱ्यानं काढलेलं चित्र पहिली चिप साफसूफ करते. मग दुसरी चिप दाणा न् दाणा बघते, काळा कुठला, डागी कुठला, काडी कुठली ते ठरवते, आणि पट्ट्याच्या टोकाला हवेची फुंक मारून तेवढाच दाणा बाहेर उडवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

यातली खरी करामत संयोगिताची होती. साधी पद्धत अशी, की पहिल्या चिपचं चित्र तयार झालं की त्याची नक्कल करून दुसऱ्या चिपच्या मेमरीत ठेवायची. पण नक्कल करण्यात वेळ जातो, तोवर दाणा पुढं निघून गेलेला असतो. शिवाय दोन्हीकडं जागा अडते आणि स्वस्तातल्या बोर्डवर जागा असते ती मुळात चिमूटभर. संयोगिता म्हणाली, नक्कल करायचीच नाही. मेमरीची सारख्या मापाची पानं पाडायची, मशीन सुरू होतानाच त्यातली मूठभर पानं आपल्या नावावर करून घ्यायची, आणि दोन्ही चिपांनी तीच पानं आळीपाळीनं वापरायची. चित्र जागच्या जागी राहील, फक्त ताबा बदलत जाईल. एका हातातून दुसऱ्या हातात आणि काम झालं की परत.

चिपकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. पहिल्या चिपचा ड्रायव्हर संयोगितानं साताऱ्यात बसून लिहिला. दुसऱ्या चिपचा शिवतेजनं सांगलीत, अवधूतच्या घराच्या तळमजल्यावर बसून. शिवतेज तिच्याच वयाचा, कवठे महांकाळजवळच्या एका खेड्यातला, बोलायला मोजका आणि कामाला वाघ. दोघांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. तिला वाटायचं, एवढं साधं त्याला कळत असेलच. त्यालाही तिच्याबद्दल तसंच वाटायचं. मधे अवधूत होता, तो दोघांना सांगायचा, "समोरचं काम एकदम मस्त चाललंय." की झालं.

मशीन टेम्पोत चढवताना मात्र अवधूत गोड बोलला नव्हता.

"संयोगिता, मनुबाईंच्या शेडमध्ये हे चाललं, तर पुढची सगळी मशीनं तुझ्या पद्धतीची. नाही चाललं, तर मी बाहेरच्या कंपनीचा तयार बोर्ड घेणार. त्याचा सगळा प्रोग्राम त्यांचाच असतो, आपण फक्त वायरी जोडायच्या. मग हे तुझं पानांचं काम कपाटात जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल."

"कपाट रिकामंच राहील," संयोगिता म्हणाली आणि टेम्पोवाल्या जोतीरामच्या शेजारी जाऊन बसली.

मनुबाई म्हणजे मोठं प्रस्थ. नवरा फौजेत असताना बाईनं एकटीनं द्राक्षबाग उभी केली, मग शेड घातली, आणि आता आजूबाजूच्या गावांतला बेदाणा तिच्याकडं निवडायला येत होता. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. मशीनसाठी तिची एकच अट होती.

"काय काढतंय आन् काय ठिवतंय ते मला दिसलं पायजे. आंधळा कारभार हितं चालत न्हाई."

म्हणून शेडच्या खांबाला तिनं भला मोठा टीव्ही टांगला होता, लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा. शिवतेज आदल्या दिवशीच येऊन तो जोडून बसला होता. दुसरी चिपच तो टीव्हीही चालवत होती; पट्ट्यावरचं चित्र त्यावर दिसायचं आणि ज्या दाण्याला उडवायचं त्याच्याभोवती लाल कडं यायचं. आक्का खुर्ची टाकून टीव्हीसमोर बसली, मागं तिच्या निवडणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. मागोमाग गाडीनं आलेल्या अवधूतनं नारळ फोडला. पट्टा सुरू झाला.

सुरुवातीला झकास. काड्या उडाल्या, काळे दाणे उडाले, बायांनी माना डोलावल्या. संयोगितानं हाताची घडी घातली. मग आक्का म्हणाली, "वता की भरपूर, पावनं जेवायला घातल्यागत काय वाढताय?" आणि बेदाण्याचे क्रेट धडाधड ओतले गेले. अन् मग हवेच्या फुंकरीनं जे उडायला लागलं ते बघून बाया पुढं सरकल्या. आक्का उठली, टाकाऊ मालाच्या घमेल्यात हात घातला आणि ओंजळ संयोगितापुढं धरली.

"पोरी, ह्यात वाईट काय हाय ते दाव मला."

संयोगितानं बघितलं. वाईट काही नव्हतं. लांबट, हिरवेगार, पातळ सालीचे दाणे. कुणीही डोळे झाकून अव्वल म्हटलं असतं असा माल, आणि तिच्या मशीननं तो घमेल्यात फेकला होता. तिचे कान तापले.

अवधूतनं खूप गोड बोलून बघितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी आणखी एकदा बघीन. त्येच्या म्होरं माज्या बाया बऱ्या." अवधूत संयोगिताकडं वळला. "ऐकलंस ना? उद्या सकाळी."

शेड रिकामी झाल्यावर शिवतेजनं टीव्हीवर एक चित्र थांबवून धरलं. दोघं बघत राहिली. लाल कडं एका सुंदर दाण्याभोवती होतं आणि काळा दाणा शेजारी मजेत बसला होता. नीट बघितल्यावर कळलं, की चित्राचा वरचा अर्धा भाग आधीचा होता आणि खालचा नंतरचा. म्हणजे शिवतेजची चिप एक पान वाचत असतानाच संयोगिताच्या चिपनं त्याच पानावर पुढचं चित्र काढायला घेतलं होतं. साताऱ्यात चाचणीला छोटा स्क्रीन होता, तिथं दुसरी चिप लवकर मोकळी व्हायची आणि दोघांची गाठच पडत नव्हती. इथं हा अजस्र टीव्ही सांभाळताना तिला उशीर होत होता.

"पान माझ्या हातात असताना तू त्यावर लिहितेस," शिवतेज म्हणाला.

"मग थांब म्हणायचंस ना! मी दर वेळी बघते थांब आलंय का. तुझ्याकडनं एकदाही आलं नाही. काही आलं नाही म्हणजे झालं, असं धरून मी घेते."

"मी कशाला थांब म्हणू? पान माझ्याकडं हाय. ज्याला पाहिजे त्यानं विचारावं, झालं का म्हणून. विचारलं की मी उत्तर देतो, सोडतो. तू कधी विचारलंस?"

"असं कोण विचारतं?"

"न विचारता कोण घेतं?"

दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं, जसं काही समोरच्याला कुठल्या हातानं जेवतात तेही माहीत नाही. अवधूत मधे आला, "पण चूक कुणाची?" दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडं बोट दाखवलं. मग शिवतेज मोटरसायकलला किक मारून गावाकडं गेला, आणि संयोगिता आक्काच्या घरी मुक्कामाला.

जेवताना आक्का तिच्या ताटात भाकरी वाढत होती आणि पाण्याचं बोलत होती. त्या भागात बोलण्याचा दुसरा विषय फार नसतो.

"आमच्याकडं उपसा योजनेचं पाणी कालव्यातनं बारक्या पोटचारीला येतंय, पाळीपाळीनं. आता माजी पाळी संपली, तरी मी पाणी सोडत न्हाई. म्होरचा माणूस खोरं घिऊन बांधावर हुबा राहिला पायजे, झालं का म्हणला पायजे, मगच सोडायचं. न्हाईतर धरायला कुणी नसतंय आन् सगळं वड्याला जातंय."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर माजंच. त्येनं इचारलं न्हाई, म्हंजे त्येला नगं आसंल."

संयोगिताचा घास हातातच राहिला. जेवण उरकून ती अंगणात आली आणि रहिमतपूरला वडिलांना फोन लावला. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस; भावकीतल्या बापूकाकांबरोबर सामायिक विहीर होती आणि तिथल्या पाळ्या तो कवायतीसारख्या पाळायचा.

"आबा, आज पाळी कुणाची?"

"आपली. आत्ताच मोटार चालू करून आलो. का गं?"

"बापूकाकांचं झालं होतं का? विचारलंत त्यांना?"

"इचारायचं कशाला?" लालासाहेबांचा आवाज चढला. "येळ झाली, आपली मोटार चालू. त्येंचं राह्यलं असतं तर त्येंनी सांगितलं असतं, जरा थांबा म्हणून. आपण इचारलं तर त्येला वाटायचं, ह्येला माजा संशय हाय. इसरलीस व्हय? मागं तुज्या आज्यानं एकदा इचारलं, तर दिवाळीचा फराळ परत आलता."

"नाही विसरले, आबा," ती म्हणाली आणि फोन ठेवून हसत सुटली. हसता हसता तिला जरा लाजही वाटली. एवढं शिकून तिनं चिपला शिकवलं होतं काय, तर रहिमतपूरच्या विहिरीवरची रीत. आणि शिवतेजनं शिकवली होती पोटचारीची. दोन्ही रीती आपापल्या गावात शहाण्या होत्या. फक्त एकाच मशीनमध्ये कोंबल्यावर एकजण न विचारता घेत होता आणि दुसरा न सांगता धरून बसत होता.

आता वाकायचं कुणी? तिच्या परीनं तिचं काहीच चुकलं नव्हतं, आणि चूक नसताना वाकणं तिला जड गेलं. पण कपाटाची आठवण झाली. दोन वर्षं जीव लावून केलेलं काम वायरींच्या भेंडोळ्याखाली पडलेलं तिला दिसलं, आणि तिनं सोप्यात बसून लॅपटॉप उघडला. शिवतेजकडून कधीच न येणारा तो "थांब" बघायचं तिनं बंद करून टाकलं. त्याऐवजी पान घेण्याआधी विचारायचं, झालं का? आणि हो आल्याशिवाय हात लावायचा नाही. छोटासाच बदल. शिवतेजला कळवावं असं एकदा मनात आलं, पण फोन हातात घेऊन तिनं परत ठेवला. सकाळी चाललेलं बघेल की. स्वतः होऊन नमतं घेतलं हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

सकाळी शिवतेज आला, आपला भाग त्यानं मशीनवर चढवला, तिनं तिचा चढवला. दोघंही आज खुशीत होती आणि दोघंही गप्प होती. आक्का खुर्चीत बसली. पट्टा सुरू झाला.

आणि काहीच झालं नाही. म्हणजे पट्टा धावत होता, बेदाणा धावत होता, पण हवेची एक फुंकर येईल तर शपथ. काड्या, काळे दाणे, डागी माल, सगळी वरात चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये जाऊन पडत होती. टीव्हीवर पहिलंच चित्र गोठून बसलं होतं. एक बाई मागं खुदकन हसली.

"काल चांगलं फेकत व्हतं," आक्का म्हणाली, "आज वाईट ठिवतंय. ह्येच्यापरीस काल बरं व्हतं म्हणायचं." ती उठली आणि बायांना म्हणाली, "बसा गं आपापल्या जागेवर."

अवधूत संयोगिताकडं बघायचं टाळत होता. "जोतीराम," त्यानं हाक मारली, "टेम्पो मागं घे. चढवू या मशीन."

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तशी संयोगिता मशीनपाशी जाऊन उभी राहिली. तिनं शिवतेजकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर अगदी तिच्याच तोंडावर असावेत तसे भाव होते.

"शिवतेज, तू काय बदललंस?"

तो जरा अडखळला. "पान हातात घेतलं की थांब म्हणतो आता. काम झालं की थांब काढून घेतो. तुझ्या पद्धतीनं. आणि ते विचारलं की उत्तर द्यायचं होतं ना, ते काढून टाकलं. तू काय विचारणार न्हाईस, हे मला माहीतच होतं."

संयोगितानं कपाळावर हात मारला. "आणि मी विचारायला लागलेय. तुझ्या पद्धतीनं. थांब बघायचंच सोडून दिलंय."

तिची चिप विचारत होती आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्याची चिप सांगत होती आणि ऐकायला कुणी नव्हतं. दोघांनी मोठ्या मनानं एकमेकांची रीत उचलली होती, आणि ती उचलल्याचं एकमेकांना सांगितलं मात्र नव्हतं. शिवतेजला आधी हसू फुटलं, मग तिला. अवधूतला वाटलं, दोघांच्या डोक्यावर परिणाम झाला.

हसू आवरून संयोगिता आक्काकडं गेली. मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. शाळेत तिनं कुणाकडं पेन्सिलसुद्धा मागितली नव्हती. आता मात्र ती सरळ म्हणाली, "आक्का, आमचंच चुकलं. मशीन धड आहे. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. थोडा वेळ द्याल का?"

आक्कानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "चहा ठिवलाय चुलीवर. त्यो उकळंस्तवर. म्होरं न्हाई."

दोघं पालथ्या क्रेटवर शेजारी शेजारी बसली, गुडघ्यावर लॅपटॉप.

"कुणी मागं फिरायचं? तू का मी?" शिवतेजनं विचारलं.

"पाणी इथलं, तर रीत इथली," ती म्हणाली. "मी विचारते. तू फक्त उत्तर द्यायला लाग."

त्यानं काढून टाकलेला भाग परत बसवला. तिनं पहिल्यांदाच त्याचा प्रोग्राम डोळ्यांनी वाचला, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की तो देखणा होता. कुठं पसारा नाही, कुठं उगाच शब्द नाही. "छान लिहितोस रे," ती म्हणाली. हे कौतुक तिच्या तोंडून इतकं सहज निघालं, की शिवतेजचं बटण चुकलं आणि त्याला ती ओळ परत लिहावी लागली.

"इथं बघ," तो म्हणाला. "टीव्हीला मी पान आधी देत होतो. टीव्ही काय, जरा मागं राहिला तरी चालतंय. आधी दाणा तपासतो, मग दाखवतो. तुला लवकर मोकळं होईल."

"हे आधी का नाही केलंस?"

"तुला पान लवकर पाहिजे असतं, हे कुठं मला माहीत होतं?"

आतून कुणीतरी चहा गाळायला गाळणी मागितली. संयोगितानं बटण दाबलं.

पट्टा धावला आणि फुंकर वाजली. फट. मग परत फट. काडी गेली, काळा दाणा गेला. टीव्हीवर लाल कडी बरोबर त्या त्या दाण्याभोवती पडायला लागली, आणि चित्र दुभंगलं नाही. क्रेट ओतले, आणखी ओतले. संयोगिताला वाटलं, आपण ते ऐकू शकतोय: झालं का? झालं. घे. झालं का? झालं. घे. अर्थात ऐकू काही येत नव्हतं, नुसती फुंकर वाजत होती, पण कालच्यापेक्षा आज तिचा विश्वास जास्त होता. काल तो नुसता स्वतःवर होता.

आक्का चहाची कपबशी हातात घेऊनच आली. ती टीव्हीकडं बघेना. घमेल्यापाशी बसली, कपबशी खाली ठेवली आणि टाकाऊ माल बोटांनी चाळायला लागली. चाळता चाळता एक दाणा उचलून तोंडात टाकला, थुंकला. दुसरा टाकला, थुंकला. मग चांगल्या क्रेटमधली मूठ घेतली आणि उजेडात धरून निरखली. बाहेर जोतीरामनं टेम्पो बंद केला.

"साहेब," आक्का अवधूतला म्हणाली, "मशीन उतरलंय तितंच राहू द्या."

अवधूतनं सुटकेचा सुस्कारा टाकला आणि संयोगिताकडं बघून म्हणाला, "तो तयार बोर्ड नको म्हणून कळवतो त्यांना. पुढची सगळी तुझ्या पद्धतीची." संयोगिताचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत.

"पर माजी एक अट हाय," आक्का म्हणाली. "बिघाड झाला तर ही दोघं यायची. बरोबर. एकटं कुणी आलं तर मी फाटक उघडायची न्हाई. ह्या येळी एकेकटी आलती, बघितलं मी काय झालं त्ये."

"येऊ की, आक्का! दोघं येऊ," संयोगिता पटकन बोलून गेली, अगदी नेहमीच्या खात्रीनं. आणि बोलता बोलता थांबली. शिवतेज वायर गुंडाळत होता. त्याचं उत्तर तिनं परस्पर देऊन टाकलं होतं.

ती त्याच्याकडं वळली. सगळ्या बायांदेखत, अवधूतदेखत, तिनं विचारलं, "येशील ना रे माझ्याबरोबर?"

शिवतेजनं वायर खाली ठेवली.

"व्हय," तो म्हणाला. "आता विचारलंस, तर येणारच."